बैल थांबले तिथून कागद सुरू

पुसद तहसीलच्या अभिलेख कक्षात कपाट उघडलं की जुन्या कागदाच्या आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. बाबू तुमच्या नकलेच्या अर्जावरचा कोर्ट फी स्टॅम्प बघतो, मग तुमच्याकडे बघतो.

“जात?”

“बंजारा.”

“मंग एकसष्टच्या आधीचं पायजे.”

हे तुम्हाला ठाऊक आहे. विमुक्त जातींसाठी तारीख 21 नोव्हेंबर 1961. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, जमातींना 6 सप्टेंबर 1950, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. त्या-त्या दिवसाआधी तुमचं घराणं कुठं राहत होतं आणि कागदावर त्याची जात काय लिहिली होती, ते दाखवायचं. हौसेनं कुळ शोधणारे आपल्याकडे थोडे. महाराष्ट्रात एखाद्याला खापरपणजोबाचं नाव घडाघड सांगता आलं, तर समजावं की त्याच्या घरात कुणाची तरी जात पडताळणी नुकतीच झाली आहे.

फायलीत वंशावळीचं शपथपत्र आहे. सर्वांत खाली तुम्ही, तुमच्यावर वडील, त्यांच्यावर आजोबा. त्यावरच्या चौकोनात पणजोबांचं नाव आणि त्याच्याही वर पेन्सिलीनं लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं आणखी एक नाव. आडनाव सगळ्यांचं चव्हाण. यवतमाळच्या समितीपुढे एवढं पुरेल का, हा प्रश्न आहे. पेनगंगेपलीकडे आदिलाबादकडे तुमचे जे नातेवाईक आहेत, त्यांच्या कागदांवर मात्र चव्हाण नाहीच. तिथं ‘मूड’ लिहिलंय. तुमच्या घरात मूड हा शब्द आजी कधी तरी लग्नाच्या बोलाचालीत काढते, तेवढाच. शिवाय ते तिकडे अनुसूचित जमातीत आहेत, 1976 च्या दुरुस्ती कायद्यानंतर. एकाच तांड्यातून फुटलेली दोन घरं. नदीच्या अल्याड विमुक्त, पल्याड आदिवासी. बैलांना ही नदी कधी सरहद्द वाटली नव्हती.

बाबू शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आधी बघा म्हणतो. बंजाऱ्यांचे बहुतेक पुरावे तिथंच सापडतात. तुम्ही पान उलटता.

जुलै 1958. चिखल आहे. तांडा गावापासून अर्ध्या कोसावर, माळाच्या उतारावर. महसुली दप्तरात या तांड्याला नाव नाही, तो दुसऱ्याच मौज्याच्या पोटात मोडतो. जमिनीच्या कागदात शोधायचं तर त्या मौज्याच्या पेरेपत्रकात शोधावं लागेल, तांड्याच्या नावानं आयुष्यभर हाती काही लागणार नाही. (हे कुणी तरी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.) यवतमाळ जिल्हा या पावसाळ्यात द्वैभाषिक मुंबई राज्यात आहे. दोन वर्षांपूर्वी तो मध्य प्रदेशात होता, दोन वर्षांनी महाराष्ट्रात असेल. मास्तरांच्या टेबलावरच्या छापील फॉर्मांना हे अजून नीटसं कळलेलं नाही.

पणजोबा दारात उभे आहेत, चपला बाहेर काढून. डोक्याला पागोटं, अंगावर ओली घोंगडी. त्यांच्या बोटाला धरून सात वर्षांचे तुमचे आजोबा, नाक वाहतंय. तुम्ही भिंतीला टेकून बघताय. तुम्हाला कुणी बघत नाही.

“नाव?” मास्तर विचारतात. लिहितात.

“जन्मतारीख?”

पणजोबा सांगतात: ज्या साली पूस नदीला मोठा पूर आला होता, पोळा होऊन गेल्यावर. मास्तर क्षणभर टाक हवेत धरतात आणि 1 जुलै लिहितात. वरच्या ओळीतल्या पोराचा जन्मही 1 जुलैचा आहे, त्याच्या वरच्याचाही. निम्मा तांडा एकाच दिवशी जन्मलेला आहे.

“आडनाव?”

इथे पणजोबा घुटमळतात. तांड्यात आडनावाचं काम पडत नाही. तिथं पाडा विचारतात. राठोडांचे 27 पाडे, पवारांचे 12, चव्हाणांचे 6: मूड, कोर्रा, केळूत, पालतिया, लावडिया, सपावट. चव्हाणाची मुलगी चव्हाणाच्या घरात जात नाही, मग तो मूड असो की कोर्रा. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न पाड्याचा, हुंड्याचा त्यानंतर. “मूड,” पणजोबा म्हणतात.

मास्तर वरच्या पानावर बघतात. याच तांड्यातली दोन मुलं आधी दाखल झालीत, दोघंही चव्हाण. “म्हंजे चव्हाणच ना?” पणजोबा मान हलवतात. खोटं काहीच नाही त्यात. चव्हाण लिहिलं जातं आणि मूड तुमच्या घराच्या कागदावरून कायमचा उतरतो. नदीपलीकडच्या भावाच्या मास्तरानं उलटं केलं: तिथं पाडा राहिला, कुळ गेलं. आदिलाबादच्या भुक्या आडनावाचा माणूस आणि दारव्ह्याचा राठोड एका रक्ताचे असू शकतात, पण कॉम्प्युटरवर आडनाव टाकून शोधणाऱ्याला ते कधीच भेटणार नाहीत.

अजून जातीचा रकाना उरलाय. तुम्ही पुढे सरकता. मास्तरांनी ‘वंजारी’ लिहिलं तर? वंजारी वेगळी जात आहे, आज ती भटक्या जमातींच्या दुसऱ्याच गटात बसते. वंजारी आणि बंजारा एकमेकांच्या कागदांत किती वेळा घुसलेत, हे समितीच्या दक्षता पथकाला विचारा. घाईत लिहिणाऱ्याच्या एका अक्षरावर तुमची नोकरी टांगली आहे आणि तुम्हाला तोंड उघडता येत नाही.

मास्तर लिहितात, ‘लमाण’.

चालेल. शासनाच्या यादीत विमुक्त जाती 14 आहेत आणि बंजाराच्या नोंदीखाली उपनावांची रांग आहे: गोर बंजारा, लंबाडा, लभाण, मथुरा लभाण, चारण बंजारा, लमाण, ढाडी. तुमचा दाखला इथेच झाला, खरं तर. पान 1961 च्या आधीचं आहे, जात स्पष्ट आहे. शहाण्या माणसानं इथूनच नक्कल घेऊन घरी जावं.

पण पणजोबा पोराला शाळेत सोडून बाहेर पडलेत आणि तुम्ही त्यांच्यामागे. वाटेत त्यांना कुणी तरी भेटतं, गहुलीच्या वसंतरावांचं काही तरी बोलणं निघतं. पुसदला वकिली केलेला, फुलसिंग नायकाचा मुलगा आज मुंबईत मंत्री आहे. 5 डिसेंबर 1963 ला तो मुख्यमंत्री होईल आणि 1975 च्या फेब्रुवारीपर्यंत राहील. त्या घराचं आडनाव नाईक, म्हणजे तांड्यातलं पदच आडनाव झालेलं. पणजोबांना त्याचा अभिमान आहे. पण पोलीस दिसला की ते अजूनही वाट सोडून बांधावर चढतात. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे फक्त सहा वर्षांपूर्वी.

आणखी मागे.

1918, पावसाळा सरल्यावर. कापूस फुटलाय आणि वेचायला माणूस नाही. पोलीस पाटलाच्या ओसरीवर जन्म-मृत्यूची वही, आज ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. मोडी अक्षर. तुम्हाला ते येत नाही, म्हणून तुमच्याबरोबर एक मोडी जाणकार आहेत असं समजा. अशी माणसं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी आणि सध्या त्यांना जेवायला फुरसत नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून तर नाहीच. जाणकार बोट ओळीवर ठेवून वाचतात. तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, कारण. कारण: ताप. खालची ओळ: ताप. त्याखालची: ताप. एरवी हगवण असते, पटकी असते, देवी असते, साप चावलेला असतो. या दोन महिन्यांत फक्त ताप आहे. इन्फ्लुएंझानं मध्य प्रांत-वऱ्हाडात जी माणसं नेली, त्या प्रमाणात हिंदुस्थानातल्या फार थोड्या प्रांतांत नेली असतील. पाटलाचं अक्षर पानागणिक मोठं आणि तिरकं होत जातं. त्यालाही ताप आहे.

“हे बघा,” जाणकार म्हणतात. “औरत अमुक वल्द अमुक लमाण, राहणार तांडा, वय अदमासे तीस.”

औरत, म्हणजे बायको. वल्द, म्हणजे अमक्याचा मुलगा. नवऱ्याचं नाव आहे, सासऱ्याचं नाव आहे. तिचं नाही. ही तुमच्या पणजोबांची आई. शपथपत्रात पेन्सिलीनं खोडलेलं जे नाव होतं, ते तिच्या नवऱ्याचं. आता ते शाईनं लिहिता येईल आणि वर आणखी एक नाव मिळालं, सासऱ्याचं. वंशावळीच्या नमुन्यात बायकांना चौकोन नसतो, तेव्हा या नोंदीतून कामाचं जे होतं ते निघालं, असं बाबू म्हणेल. ओसरीच्या खाली तीन वर्षांचा पोर उकिडवा बसलाय. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा आहे आणि तो कुत्र्याला द्यावा की नाही याचा त्याचा विचार चाललाय.

‘वल्द’च्या साखळीला धरून वर चढताना एक खिंड येते, ती माहीत हवी. 1905 च्या आधी यवतमाळ नावाचा जिल्हाच नाही, तो वणी जिल्हा. आणि पुसद तालुका तर त्यातही नाही. तो बाशीम, म्हणजे वाशिम जिल्ह्यात. 1905 मध्ये वाशिम जिल्हा मोडला, पुसद इकडे जोडला गेला, वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला गेले. वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा व्हायला 1998 उजाडलं. म्हणून पुसदच्या माणसानं यवतमाळचं दप्तर कितीही उपसलं तरी एका सालाच्या पलीकडे त्याला कोरं मिळतं आणि तो समजतो, आपले लोक इथे नव्हतेच. ते इथेच होते, कागद दुसऱ्या कचेरीत होता. त्याहून वरच्या पातळीवरचा पत्रव्यवहार नागपूरच्या अभिलेखागारात, आणि वऱ्हाड निजामाच्या नावानं पण इंग्रजांच्या ताब्यात, 1853 च्या तहानं आलेला, म्हणून काही कागद हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या बाडांत, दिल्लीला.

इथे जरा दुसऱ्याच देशातलं सांगतो. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज आपलं मूळ शोधतात, तेव्हा त्यांना गावच्या चर्चची वही मिळते. 1825 साली स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टोरेशन’ नावाचं छोटं गलबत निघालं, तिथपासून पुढची शंभर वर्षं लाखो माणसं गेली. त्यांच्यातही आडनाव पक्कं नव्हतं, बापाच्या नावाला ‘सेन’ जोडायचं आणि पुढे ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव. शेत बदललं की नावही बदललं. म्हणजे गोंधळ आपल्याइतकाच. पण पाद्री बाप्तिस्मा लिहायचा, लग्न लिहायचा, दफन लिहायचा, आणि माणूस परगणा सोडून निघाला तर तेही लिहायचा. निघणाऱ्याच्या मागे कुणी तरी वही घेऊन बसलेलं होतं. आता त्या वह्या घरबसल्या बघता येतात. तांडा निघाला तेव्हा मागे राख, शेण आणि तीन दगडांच्या चुली राहायच्या.

म्हणूनच पुढचा कागद तुमच्या बाजूच्या माणसानं लिहिलेला नाही.

1869. कंबरलेज नावाचे वऱ्हाड पोलिसातले साहेब बंजाऱ्यांवर टिपण करतायत. ते पुढे 1882 मध्ये पुन्हा छापलं जाईल आणि 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात बंजारा प्रकरणाचा मुख्य आधार होईल. तुमच्या लोकांवरचा सर्वांत सविस्तर जुना मजकूर एका फौजदारानं जमवलेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं. नायकाला बोलावणं आलंय. तो साहेबाच्या तंबूपुढे उभा आहे, हातात काठी, गळ्यात चांदी. त्याच्यामागे चौदा वर्षांचा एक मुलगा, कोतवाल बुकातल्या त्या नवऱ्याचा बाप. तुमच्या साखळीतली वरची कडी.

साहेब विचारतो, दुभाषा फिरवतो, नायक सांगतो. कुळं किती, पाडे कुठले, लग्नं कशी, नायकी कशी चालते, गुन्हा झाला तर पंचायत काय करते. नायक मोकळेपणानं बोलतोय, कारण कुळाची गोष्ट सांगायला कुणाला आवडत नाही? तो सांगतो, आम्ही आसफखानाच्या फौजेबरोबर दख्खनेत उतरलो, शहाजहानच्या अमलात. राठोडांच्या भंगी आणि जंगी नायकांकडे 1,80,000 बैल होते, वडत्या भगवानदासाकडे 52,000. भंगी-जंगींचे बैल फौजेबरोबर राहावेत म्हणून खानानं त्यांना सोन्याच्या अक्षरांत सनद लिहून दिली. बैलांचे आकडे मला थोडे फुगलेले वाटतात. सांगणाऱ्यानं सांगितले, लिहिणाऱ्यानं लिहिले, मोजणारा कुणीच नव्हता. पण सनद खोटी म्हणायचं धाडस मी करणार नाही. हैदराबादच्या दरबारात तिचा मान राखला जात होता.

साहेब जे विचारत नाही ते तंबूमागे चाललंय. बैल विकले जातायत. दोन वर्षांपूर्वी, 1867 मध्ये, आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. कोकणातून वर येणारं मीठ, वऱ्हाडातून मिर्झापूरपर्यंत पाठीवरून जाणारा कापूस, सगळं आता वाफेच्या मागे धावतं. लदेणी संपली. तांडा उतरला तो पुसद-दिग्रसच्या या टेकड्यांत, जिथं गवत होतं आणि काळी जमीन आधीच दुसऱ्यांच्या नावावर होती. म्हणून तांडे माळावर, गावापासून अर्ध्या कोसावर. आणखी दोनच वर्षांत, 1871 मध्ये, इंग्रज मुलखात गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा येईल. माल वाहून नेणारा माणूस मालाशिवाय हिंडताना दिसला की सरकारला तो संशयित वाटतो. तुमच्या घराण्याची पहिली लेखी खूण याच सुमाराची असेल, तर ती ठाण्यात असणार.

त्या चौदा वर्षांच्या मुलानं आयुष्यात एकच खेप केली असेल आणि ती अर्ध्यात मोडली असेल. तो तुमच्याकडे बघतो. निदान तुमच्या दिशेनं.

1803 मध्ये फार रेंगाळू नका, धूर फार आहे. 29 नोव्हेंबरला अकोल्याकडे अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांचा मोड केला, 15 डिसेंबरला गाविलगड पडला. त्याच्या पत्रव्यवहारात लमाणांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो: धान्य पोचलं का, बैल किती. तुमचे लोक तिथं संख्येत आहेत, नावानं नाहीत. भोसल्यांच्या बाजूलाही लमाणच होते, धान्य दोन्हीकडे लागतं. पुढे तीन वर्षांनी, 1806 मध्ये, बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराजांनी दिग्रसजवळ रुईला देह ठेवला असं तांडे सांगतात. त्यांची समाधी पोहरादेवीला.

आणि 1632. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला उत्तरेत रस्त्यावर एक तांडा आडवा आला आणि त्यानं चक्क बैल लिहून ठेवले: 14,000, धान्यानं लादलेले, बायकामुलं बरोबर. मंडी घोड्यावरून बघतोय. तुम्ही बैलांच्या रांगेत आहात, घशात धूळ, डाव्या-उजव्या बाजूला गोणींची रगड. बैलांच्या घंटा एकदा सुरू झाल्या की दुपारपर्यंत दुसरं काही ऐकू येत नाही.

मुक्काम पडतो. गोणी उतरतात, त्यांची भिंत रचली जाते, आतल्या बाजूला माणसं. आणि तिथं तुम्हाला तो दिसतो, ज्याच्यासाठी खरं तर तुम्ही एवढे मागे आलात: ढाडी. तांड्याचा वंश गाणारा. शासनाच्या यादीत त्याचं नाव बंजाराच्या उपनावांत छापलंय, पण समितीपुढे त्याचं गाणं पुरावा म्हणून चालत नाही. कागद बसलेल्यांचा, चालणाऱ्यांचं दप्तर याच्या गळ्यात. त्याला नायकापासून मागच्या पिढ्या येतात, कुणाची लेक कुठल्या पाड्यात गेली ते येतं, म्हणजे कोतवाल बुकात ज्यांना नाव नव्हतं, त्याही त्याच्याकडे आहेत.

तुम्ही त्याच्यापुढे बसता. तोच पहिला माणूस जो तुम्हाला बघतो.

“राम राम. तारो पाडा?”

चव्हाण म्हणालात तर तो हसेल, चव्हाण सहा जागी आहेत. “मूड,” तुम्ही म्हणता, पणजोबांच्या आवाजात.

तो वाद्य मांडीवर घेतो, तार पिळतो, मग थांबतो. आधी द्यायचं काय ते ठरू दे, म्हणतो. मुडांच्या मागच्या नायकानं एक गाभण गाय दिली होती.